मोडतोडीचा तास

माझ्या वर्गात शुक्रवारचा शेवटचा तास मोडतोडीचा असतो. वेळापत्रकात तसं लिहिलेलं नाही. तिथे 'कला व डिझाइन टेक्नॉलॉजी' असं भारदस्त नाव आहे, आणि मुलं त्याला डीटी म्हणतात. पण शुक्रवारी आम्ही आठवडाभर बनवलेली वस्तू मोडतो. पूल असेल तर त्यावर विटा रचतो, गाडी असेल तर उतारावरून सोडतो, स्टूल असेल तर त्यावर बसतो, पार मोडेपर्यंत. पहिला नमुना ज्याने बनवला त्यानेच तो मोडायचा, आणि मोडण्याआधी तो कुठे मोडेल याचा अंदाज फळ्यावर लिहायचा. अंदाज बरोबर आला तर टाळ्या. चुकला तर जास्त टाळ्या, कारण चुकलेल्या अंदाजातून जास्त कळतं.

दरवर्षी एखादे नवे पालक तणतणत येतात. पोरीने घरी जाऊन रडून सांगितलेलं असतं की टीचरने माझा पूल मोडायला लावला. मी त्यांना म्हणते, पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा पूल बघायला या. येतात, बघतात, आणि गुपचूप चहा पिऊन जातात.

आमचे हे शिंपी आहेत. लग्नानंतर सुरुवातीला त्यांनीही विचारलं होतं, "मोडायचंच असेल तर बनवता कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही कच्चा टाका घालता आणि मग उसवता. मी कधी विचारलं, कशाला?" तेव्हापासून ते गप्प आहेत. म्हणजे बोलतात भरपूर, पण दुसऱ्या विषयांवर.

आमची खोली चॅपलच्या मागे आहे. पूर्वी तिथे मेणबत्त्या ठेवायचे. अजूनही उन्हं तापली की भिंतींना मेणाचा वास येतो. आता तिथे लाकूड आवळून धरणारे शिकंजे बसवलेली दोन लांब टेबलं आहेत, करवती टांगायच्या खुंट्या आहेत, पॉलिश पेपरचे तुकडे भरलेला बिस्किटांचा डबा आहे. पलीकडच्या बाजूला, त्याच भिंतीला लागून वेदी आहे. आम्ही खिळे ठोकायला लागलो की वेदीवरची मेणबत्तीदाणी थरथरते, असं मोठ्या सिस्टर म्हणतात.

मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. ताठ बाई. त्यांच्या कपड्यांची इस्त्री दुपारी शाळा सुटतानाही सकाळसारखीच असते. आमचं वैर मुळीच नाही. आमच्यात मतभेद आहेत आणि ते आम्ही दोघी जिवापाड जपतो.

फादरशी मात्र कुणाचेच मतभेद नसतात. ते चॅपलचे धर्मगुरू, देहाने आडवेतिडवे, मनाने लोण्यासारखे, आणि आशीर्वादाला त्यांचा हात सदा वर. शाळेत नवं काही आलं की फादर पवित्र पाणी घेऊन हजर. बसला आशीर्वाद, पाण्याच्या टाकीला आशीर्वाद. फोटोकॉपीच्या मशीनलाही दिला आणि दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं. आमचे क्लार्क म्हणाले, "फादर, प्रार्थना उत्तम होती. पाणी जरा कमी शिंपडलं असतं तर बरं झालं असतं."

तर झालं असं.

दर बुधवारी सगळी शाळा चॅपलमध्ये जमते आणि चौथीतलं, म्हणजे माझ्या वर्गातलं, एक मूल बायबलमधला शास्त्रपाठ वाचतं. वाचनाचं स्टँड मोठ्या माणसांच्या मापाचं आहे. म्हणून वाचणारं मूल मेणबत्त्यांच्या उलट्या खोक्यावर उभं राहायचं. तरी समोरच्यांना दिसायचा तो फक्त भांग. एका बुधवारी वाचायला होती मिरी. तिचं हे नाव वर्गानेच ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की हजेरी घेतानाही माझ्या तोंडून तेच निघतं. उंची म्हणाल तर वर्गात सगळ्यात कमी, आवाज म्हणाल तर शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. ती वाचत असताना खोकं सरकलं आणि मिरी दिसेनाशी झाली. वाचन मात्र थांबलं नाही. स्टँडच्या आडून, जमिनीजवळून पुढचं वाक्य आलं, स्वल्पविरामासकट.

प्रार्थना संपल्यावर मोठ्या सिस्टर फर्निचरवाल्याला फोन लावत होत्या. मिरी गुडघा चोळत ऑफिसात गेली. "सिस्टर, फोन नका करू. पायरी आम्ही बनवू."

सिस्टरनी दारातून माझ्याकडे पाहिलं.

"बनवतील," मी म्हणाले. मला शंका नव्हती. पोरं बनवतात. त्यांना बनवू देणं हेच मोठ्यांना जमत नाही.

आणि मुहूर्तही तसाच होता. बिशप आमच्या शाळेला भेट देणार होते, दोन आठवड्यांनी, बुधवारीच, आणि त्या दिवशीचा पाठ होता एक लांबलचक वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका, आणि एकेक नाव असं की जिभेला गाठ पडावी. मोठ्या मुलांनीही वाचून बघितलं आणि तिसऱ्या नावाला हात टेकले. मिरीने ते घरी भांडी पुसता पुसता पाठ केलं होतं, म्हणून वाचन तिच्याकडेच आलं होतं. तिची आई सांगत होती, ही हल्ली ताटाला एक नाव आणि वाटीला एक नाव लावते. आईने त्या बुधवारची रजाही टाकली होती. मिरीला हे वाचन किती हवं होतं ते ती कुणाला सांगत नव्हती, पण डबा खाताना तिचे ओठ हलत असायचे.

मुलं कामाला लागली. आधी सगळ्या वर्गाची उंची मोजली. सगळ्यात उंच निघाला शिडी. हेही वर्गाने ठेवलेलं नाव. त्याला पायरी लागणारच नव्हती, म्हणून तो सगळ्यात जास्त मतं देत होता. पायरी स्टँडखाली सरकवता आली पाहिजे, म्हणून तिची रुंदी ठरली. सुटीत पळताना पाय अडकू नये, म्हणून कोपरे गोल करायचे ठरले. दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या, वर एक रुंद फळी, मागे एक बारीक आडवी पट्टी. मी हात पाठीमागे बांधून टेबलांमधून फिरत होते. मुलांच्या वस्तूला माझा हात लागला की ती माझी होते, हे मला पक्कं माहीत आहे. बोट कापेल असं दिसलं तरच मी मध्ये पडते. बाकी तोंड चालवते.

"मिरी, करवत ढकलतेयस की तिच्याशी भांडतेयस?"

"भांडतेय, टीचर."

"मग ती जिंकेल. हळू ओढ."

गुरुवारी पहिला नमुना तयार झाला. लाकूड उघडं, पेन्सिलीच्या खुणा तशाच, सांध्यांतून गोंद ओघळलेला. पण उभा होता. दुसऱ्या पायरीसाठी कापलेल्या फळ्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. शुक्रवारी पहिली मोडायची, कुठे कच्ची आहे ते बघायचं, आणि मग दुसरी पक्की करायची, असा बेत होता. मी मधल्या सुटीत डब्यांच्या खोलीवर लक्ष ठेवायला गेले. परत आले तर माझा वर्ग, जो एरवी माशांच्या बाजारासारखा असतो, तो चिडीचूप. सगळे पायरीभोवती उभे. पायरीवर पाण्याचे थेंब.

"टीचर," शिडी म्हणाला, "फादरनी आशीर्वाद दिला."

"कुणाला?"

"पायरीला."

मी खुर्चीवर बसले. "ही उद्या मोडायची आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगणार होते," मिरी म्हणाली, "तोंडसुद्धा उघडलं होतं. पण प्रार्थना सुरू झाली. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नसतं."

पहिलीपासून आम्हीच त्यांना हे शिकवलं. रागावायचं तर कुणावर? चांगल्या मनाच्या माणसाने चांगल्या वस्तूला चांगला आशीर्वाद दिला, शहाण्या मुलांनी शहाण्यासारखं 'आमेन' म्हटलं, आणि माझा शुक्रवार पाण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी फळा कोराच राहिला. कुणी अंदाज लिहायला उठेना. शेवटी मागून एकीने विचारलं, "टीचर, आशीर्वाद दिलेली वस्तू मोडली तर पाप लागतं का?"

माझ्याकडे स्क्रूबद्दल उत्तरं असतात, गोंदाबद्दल असतात. मी वर्गाला पॉलिश पेपर वाटले आणि मोठ्या सिस्टरच्या ऑफिसात गेले.

सिस्टरना बातमी आधीच कळली होती. त्या प्रसन्न होत्या, आणि त्याचीच मला काळजी वाटली. "पायरी फारच छान झालीये हो. रंग द्या आणि चॅपलमध्ये ठेवा. मोडायचं वगैरे या वेळी राहू द्या. फादरनी आशीर्वाद दिलाय तिला."

"सिस्टर, ती कच्ची आहे की पक्की ते अजून मला माहीत नाही. न तपासलेल्या पायरीवर मी मुलाला चढवणार नाही."

"तुमचा आशीर्वादावर विश्वास नाही?"

"माझा देवावर पूर्ण विश्वास आहे. पण मी आधी स्क्रू आवळते, मग विश्वास ठेवते."

सिस्टरनी टेबलावरचे कागद सरळ केले. ते आधीच सरळ होते. "आशीर्वादित वस्तू माझ्या शाळेत मुलांच्या हातून मोडली जाणार नाही. पायरी नको असेल तर नको. बिशपांसमोर खोक्याचा तमाशाही नको. पाचवीतली उंच मुलगी वाचेल."

"तिला नावं येत नाहीत."

"अडखळत वाचेल. देवाला चालतं."

दाराशी काहीतरी हललं. मिरी उभी होती. मला बोलवायला आली असावी, वर्गात गोंद सांडला होता म्हणून. ती रडली नाही. नुसते तिचे ओठ हलायचे थांबले. मला तेवढ्याने इतका राग आला की कानशिलं तापली.

दुसरी एखादी म्हणाली असती, इकडे आड तिकडे विहीर. मी आडाकडे आणि विहिरीकडे, दोन्हींकडे पाठ फिरवली आणि तडक फादरकडे गेले.

फादर बागेत पाण्याच्या फाटक्या नळीला चिंधी बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओल्या हाताने कपाळ धरलं. "म्हणजे ती कच्ची होती?"

"पहिली वस्तू कच्चीच असते, फादर."

"आणि मी तिला पक्की समजून..." ते नळी टाकून उठले. "चला. निस्तरू या."

वाटेत ते सिस्टरच्या दारात थांबले आणि "जरा येता का?" म्हणाले. फादरना सिस्टर नाही म्हणत नाहीत. आम्ही तिघं वर्गात शिरलो तशी मुलं ताडकन उभी राहिली. सांडलेला गोंद त्यांनी अर्धा पुसला होता आणि उरलेला पसरवला होता.

फादर मिरीसमोर उकिडवे बसले. तरीही ते तिच्यापेक्षा मोठेच दिसत होते. "मिरी, काल मी काय प्रार्थना केली? तुला सगळं पाठ असतं म्हणे."

मिरी एका दमात म्हणाली, "हे प्रभू, या पायरीवर जो कोणी उभा राहील त्याला सांभाळ."

"पायरीला सांभाळ, असं म्हटलं का मी?"

"नाही. उभं राहणाऱ्याला." मिरी थांबली. ती विचार करते तेव्हा तिचं नाक वर जातं. "मग फादर, ही न मोडता वापरली आणि कुणी पडलं, तर तुमची प्रार्थना फुकट जाईल."

"मिरी!" सिस्टर म्हणाल्या.

"बरोबर बोलतेय ती," फादर म्हणाले. "आणि पापाचं विचारत होतं ना कुणीतरी? मुलांना सांभाळण्यासाठी लाकूड मोडलं तर पाप लागत नाही. लागलंच तर माझ्या नावावर टाका." त्यांनी बूट काढायला घेतले. "माझी प्रार्थना, तेव्हा वजनही माझंच."

शिडीने हात वर केला. "पण नियम आहे. ज्याने बनवली त्यानेच मोडायची."

वर्ग पेचात पडला. मग मिरीच म्हणाली, "प्रार्थना फादरनी घातलीये ना त्यात. म्हणजे त्यांनीही थोडी बनवली." हे सगळ्यांना पटलं.

मग फळ्यावर झुंबड उडाली. शिडीने लिहिलं, वरची फळी मधोमध मोडेल. कुणी लिहिलं, मागची पट्टी तुटेल. मी लिहिलं, डाव्या फळीला तडा जाईल, कारण तिच्यात एक गाठ होती. मिरीने लिहिलं, मोडणार नाही. सिस्टरना खडू दिला तर त्या म्हणाल्या, "मी अंदाज करत नाही."

फादर मोज्यांनिशी पायरीवर चढले. पायरी कुरकुरली आणि गप्प झाली. फादर डुलले. काही झालं नाही. "वजन वाढवा," ते म्हणाले. मुलांनी गीतांची पुस्तकं आणून त्यांच्या हातांवर रचायला सुरुवात केली. पुस्तकं त्यांच्या हनुवटीपर्यंत आली. शिडीने टाचा उंचावून वर आणखी दोन ठेवली. पायरी ढिम्म. मिरीच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद चढत गेला की मला फळ्यावरचा माझा अंदाज पुसून टाकावासा वाटला.

"झालं ना, टीचर?" सिस्टर म्हणाल्या. "पक्की आहे."

खरं सांगते, मीही 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात फादरनी एक गोष्ट केली, जी ते आयुष्यभर करत आले होते. भिंतीपलीकडे वेदी होती. आमच्या चॅपलमध्ये वाचणारा वाचून झाल्यावर उतरण्याआधी वेदीकडे वळतो आणि मान लववतो. पुस्तकांचा ढीग हातात, पायाखाली पायरी, समोर ऐकणारी मुलं. फादरच्या अंगाला वाटलं असणार की पाठ संपला. ते अर्धे वळले आणि वाकले.

कर्र असा आवाज झाला. पायरी खाली बसली नाही, ती आडवी कलली. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकाच दिशेला झोपल्या, वरची फळी सुटली, आणि फादर जमिनीवर बसले. मग त्यांच्यावर गीतांची पुस्तकं आली, सावकाश, एकामागून एक.

सगळ्यात आधी धावल्या सिस्टर. "लागलं का? फादर, लागलं का?" फादर पुस्तकांत बसून हसत होते, इतके की त्यांना उत्तर देता येईना.

मिरी फादरकडे बघतच नव्हती. ती जमिनीवर पालथी पडून सुटलेला सांधा बघत होती. "टीचर, वजनाने नाही मोडली. वळल्यामुळे मोडली."

सगळे तिच्याभोवती वाकले.

"आपण सगळ्या चित्रांत सरळ उभी माणसं काढली," ती म्हणाली. "वळणारं कुणीच काढलं नाही."

माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. दर बुधवारी त्या चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसून मी मुलांना वळताना पाहते. पण डोळ्यांसमोरचं दिसायला कुणीतरी पडावं लागतं. फळ्यावरचे सगळे अंदाज चुकले होते. मी टाळ्या वाजवायला लागले आणि वर्गाने छत डोक्यावर घेतलं.

आवाज बसल्यावर शिडीने विचारलं, "मिरी चढली असती तर मोडली असती?"

"बुधवारी नसती मोडली," मी म्हणाले. "मिरी हलकी आहे. तिने वाचलं असतं, सगळ्यांनी कौतुक केलं असतं. पण दर बुधवारी कुणीतरी वळलं असतं आणि सांधा दर वेळी थोडा सैल झाला असता. मग एक दिवस एखादं मूल दगडी फरशीवर आदळलं असतं. ते कोण असतं, ते मला माहीत नाही."

मोठ्या सिस्टर खाली वाकून पुस्तकं गोळा करत होत्या. त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं दुमडलेलं पान सरळ केलं. बराच वेळ लागला. मग पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "दुसरी कधी होईल?"

"जोडल्यावर गोंद वाळायला एक रात्र जाते. सोमवारी जास्तीचा वेळ मिळाला तर मंगळवारच्या सरावाला होईल."

"सोमवारी माझा बायबलचा तास आहे. तो घ्या." हा तास त्यांनी कधी डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही दिला नव्हता. मला आभार मानायची सवड न देता त्या पुढे म्हणाल्या, "सरावाला पायरी जागेवर नसेल तर पाचवीचीच मुलगी वाचेल. बिशप आपल्या गोंदासाठी थांबणार नाहीत."

मोडक्या तुकड्यांचं काय करायचं, हे मुलांनी फादरना विचारलं. आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. "भिंतीवर लावा," बूट घालता घालता फादर म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्याला शहाणपण येईल."

सोमवारी आम्ही आधी लाकडाला हातच लावला नाही. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून प्रत्येकाने चौकोन केला आणि ढकलला. चौकोन कलला, अगदी पायरीसारखा. मग प्रत्येकाने त्यात हवी तिथे एक पट्टी जोडून बघितली. आडवी लावली, तरी कलला. उभी लावली, तरी कलला. मिरीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी लावली आणि ढकललं. चौकोन हललाच नाही. तिने पुन्हा ढकललं, दोन्ही हातांनी. मग तो चौकोन घेऊन ती वर्गभर फिरली आणि प्रत्येकाला तो ढकलायला लावला, मलाही.

पायरीच्या पाठीला तिरपी पट्टी लावायची ठरली. पण आमच्याकडे तेवढ्या लांबीची एकच पट्टी उरली होती, आणि शिडीने घाईत माप घेऊन ती कापायला करवत टेकवली.

माझे हात पाठीमागे होते. ते मी एकमेकांत घट्ट अडकवले.

"थांब!" मिरी ओरडली. "माप आतल्या कोपऱ्यापासून घेतलंस. ती बाहेरून लागणार."

शिडीने करवत उचलली. लाकडावर एक ओरखडा उठला होता, बाकी काही नाही. दोघांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं, कारण दोघांची मापं जुळत नव्हती. मग वर्गाने मोजलं. तास संपत आला तेव्हा पट्टी कापली गेली आणि चपखल बसली. मी श्वास सोडला आणि सांडलेल्या गोंदावरून सगळ्यांना रागावून घेतलं.

मंगळवारी सकाळी मुलांनी तिला रंग दिला, अंड्याच्या बलकासारखा पिवळा. रंग वाळतोय तोवर दारात फादर आले. हातात पवित्र पाणी. आत न येता त्यांनी विचारलं, "मोडून झालं ना?"

"ही मोडायची नाही, फादर," मिरी म्हणाली. "ही वापरायची."

"विचारलेलं बरं," असं म्हणून त्यांनी पाणी शिंपडलं, रंग ओला होता म्हणून जरा लांबूनच.

सरावाला पायरी चॅपलमध्ये ठेवली. मिरी पुढे झाली तसा मोठ्या सिस्टरनी हात आडवा केला. "मुलांनी आधी चढायचं नाही." त्यांनी झगा मुठीत धरला आणि स्वतः चढल्या. उभ्या राहिल्या. वेदीकडे वळल्या आणि वाकल्या. मग परत वळल्या, पुन्हा वाकल्या, जरा जोरात. पायरी हूं की चूं करत नव्हती. सिस्टर खाली उतरल्या, झगा झटकला आणि मिरीला म्हणाल्या, "तिसरं नाव नीट उच्चार. तिथे सगळे चुकतात." मला त्या क्षणी सिस्टर फार आवडल्या. तसं मी त्यांना सांगितलं नाही. मतभेद सांभाळायला हवेत.

बुधवारी चॅपल गच्च भरलं. मागच्या बाजूला पालक, त्यांत मिरीची आई, पर्स छातीशी धरून. पुढे पाहुणे. बिशप म्हातारे होते आणि चालताना पाय जपून टाकत होते. मिरीने पायरी स्टँडखालून ओढली आणि चढली. पहिल्यांदाच स्टँडच्या वर चौथीतल्या मुलाचा अख्खा चेहरा दिसला. तिने दीर्घ श्वास घेतला आणि पहिलं नाव उच्चारलं.

अमक्याचा मुलगा तमका. नावं येत गेली, टपोरी, सुटी, एकही न सांडता. तिसरं नाव आलं आणि गेलं. सगळी शाळा तिच्या तोंडाकडे बघत होती. चौथीचा वर्ग तिच्या पायांकडे बघत होता. शेवटचं नाव झालं. मिरी वेदीकडे वळली. माझ्या बाजूला शिडीने बाक दोन्ही हातांनी आवळून धरला. मिरी वाकली, चांगली खोल वाकली, तोल सांभाळून सरळ झाली. पायरीने साधा आवाजही केला नाही. आमच्या रांगेतून इतका मोठा सुस्कारा निघाला की पुढच्या दोन पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं.

ती उतरली आणि तरंगत जागेवर येऊन बसली. वाचनानंतर पायरी परत स्टँडखाली सरकवायची असते. आनंदाच्या भरात ती विसरली.

बिशप प्रवचनाला उठले. स्टँडजवळ आले आणि उभं राहायच्या जागीच पिवळी पायरी पाहून थांबले. मुलांनी बनवलेली आहे हे कुणीही ओळखलं असतं. कोपरे गोल होते, पण प्रत्येक कोपरा वेगळा गोल. बिशपांनी एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला. चॅपलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत, जिथे मध्ये बोलायचं नसतं तिथे, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला.

"चढा तुम्ही! मोडून बघितलीये!"

मी मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. त्यांचं बोट सवयीने ओठांकडे निघालं होतं. ते अर्ध्या वाटेत थांबलं, आणि मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवलं.

बिशपांनी मिरीकडे बघून मान डोलावली आणि ते पायरीवर चढले.